तंबू घ्यायचाय: ३००० मिमी की ५००० मिमी?

भटकी_सावली
नमस्कार मंडळी. आमचा जुना तंबू आता निवृत्त होतोय. नवा असा हवाय की धो धो पावसात निर्धास्त झोपता यावं आणि पुढची आठ-दहा वर्षं परत हा विषय काढावा लागू नये. आम्ही दोघं, कधीकधी सोबत आठ वर्षांची लेक. पाठीवरून वाहायचा आहे, म्हणजे फार जड चालणार नाही. पण हलकेपणापायी दोन वर्षांत फाटणाराही नको.

लेबलं वाचून वाचून डोकं गरगरायला लागलंय. एकावर ३००० मिमी, दुसऱ्यावर ५०००, तिसऱ्यावर फक्त १२००, आणि हा १२०० वालाच तिघांत महाग! त्यात नायलॉन की पॉलिस्टर, २० डी की ६८ डी, सिलिकॉन की पीयू... जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उनाडटप्पू
५००० घ्या डोळे झाकून. पाणी अडवायचंय ना? मग जास्त आकडा तो चांगला. विषय संपला.

कापडचोपड
विषय संपला नाही, उनाडराव. उलट तो आकडा नक्की कशाचा आहे तिथून सुरू होतो. माझं कामच कापडाच्या चाचण्यांचं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

कापडाचा तुकडा यंत्रात घट्ट आवळतात आणि एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला तीन जागी पाणी झिरपलं की तिथला दाब लिहून घ्यायचा. आयएसओ ८११ नावाची चाचणी ती हीच. ३००० मिमी म्हणजे तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ त्या कापडाने तोलला. चाचणी नव्या कोऱ्या कापडाची असते, आणि त्या तुकड्यावर शिवण नसते. या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

आता छताचं बघू. कापड नीट ताणलेलं आणि उतरतं असेल तर पावसाचा थेंब क्षणभर आदळतो आणि ओघळून जातो. पाणी साचतच नाही. त्यामुळे १२०० ते १५०० मिमीचं चांगलं कापडसुद्धा प्रत्यक्षात मुसळधार पाऊस अडवतं.

तळाचं गणित मात्र वेगळं आहे. सत्तर किलोचा माणूस ओल्या जमिनीवर तंबूत गुडघे टेकून बसला. एका गुडघ्यावर तीस-पस्तीस किलो भार आणि टेकलेली जागा साधारण ५० चौरस सेंमी धरा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६०० ते ७०० ग्रॅम. पाण्याच्या स्तंभात मोजलं तर हे ६००० ते ७००० मिमी होतात! छताला असा दाब कधीच सोसावा लागत नाही. म्हणून लेबलावरचा आकडा फ्लायचा (वरच्या, बाहेरच्या कापडाचा) की तळाचा हे आधी बघा. मोठ्ठा आकडा एकच छापलेला असेल आणि कशाचा ते लिहिलं नसेल तर विक्रेत्याला खोदून विचारा. मला विचाराल तर वर १५०० पुरेत आणि खाली ५००० च्या आसपास असावेत.

तुमचा १२०० वाला महाग का? बहुतेक त्याला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असणार. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, जाड थर दिला की आकडा फुगवता येतो, पण तो थर धाग्यांना जागच्या जागी जखडतो आणि कापड फाटायला सोपं जातं. सिलिकॉन लवचीक असतं, ओढ पडली की धागे थोडे सरकून एकमेकांना बिलगतात आणि ओढ वाटून घेतात. त्यामुळे तेच कापड फाडायला बरंच जास्त बळ लागतं. शिवाय सिलिकॉनचा थर पीयूपेक्षा जास्त वर्षं तग धरतो. लेबलावर मिलिमीटर असतात, फाडबळ क्वचितच छापतात. टिकाऊपणा हवा असेल तर विचारायचा आकडा तोच.

उनाडटप्पू
गुडघ्याचं गणित आवडलं. ५००० मागे घेतो, फक्त छतापुरते.

भटकी_सावली
बापरे, किती नीट सांगितलंत! धन्यवाद. हे 'डी' प्रकरण आणि नायलॉन-पॉलिस्टरचं पण सांगाल का?

डोंगरबोका
डी म्हणजे डेनियर. ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. २० डी म्हणजे ९ किलोमीटर धागा फक्त २० ग्रॅम, केसाहून बारीक. पाठीवरच्या तंबूला फ्लाय २० ते ४० डी आणि तळ ४० ते ७० डी हा व्यवहार्य पल्ला. गाडीने जाणारे १५० काय नि २१० काय, काहीही नेवोत.

नायलॉन वजनाच्या मानाने जास्त ताकदवान. पण त्याची एक खोड अशी की ते पाणी पितं आणि सैलावतं. संध्याकाळी ढोलासारखी ताणलेली फ्लाय पाऊस पडला की मध्यरात्री लोंबायला लागते, आतल्या कापडाला टेकते, आणि मग "गळतोय गळतोय" म्हणून ओरडा सुरू. पॉलिस्टर ओलं झालं तरी फारसं ढिलं पडत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपुढेही ते जास्त दिवस टिकतं.

रात्री उठून दोऱ्या आवळायचा कंटाळा असेल तर पॉलिस्टर. मला तर आहे बुवा.

कापडचोपड
+१. एवढंच जोडतो की सारख्याच डेनियरच्या पॉलिस्टरपेक्षा नायलॉन फाटायला जास्त चिवट. काटेरी झुडपांत राबणारा तंबू असेल तर मी अजून नायलॉनकडेच झुकेन. आणि कापड कुठलंही असो, रिपस्टॉप विणीचं घ्या. दर काही मिलिमीटरवर जाड धाग्याची चौकट असते, भोक पडलं तर फाट तिथे अडते.

सुईदोरा
धागा वाचतेय आणि हात शिवशिवताहेत. कापडावर एवढी चर्चा, आणि जिथून खरंच पाणी येतं त्या शिवणींचं कुणी नावच काढेना!

सुई प्रत्येक टाक्याला एक भोक पाडते. वितभर शिवणीत अशी पन्नासेक भोकं सहज. कापड दहा हजार मिमीचं असलं तरी भोक ते भोकच. त्यावर उपाय दोन आणि ते कापडाच्या थरावर ठरतात.

आतून पीयू असेल तर कारखान्यातच शिवणीवर गरम पट्टी चिकटवतात. घेताना फ्लाय उलटी करून प्रत्येक पट्टीवर बोट फिरवा. कडा उचललेल्या नकोत, खाली बुडबुडे नकोत. जिथे तीन शिवणी एकत्र येतात आणि जिथे दोरी बांधायचं नाडं शिवलंय ते कोपरे विशेष बघा. घाईघाईत उरकलेलं काम तिथेच उघडं पडतं.

दोन्ही बाजूंना सिलिकॉन असेल तर पट्टी चिकटतच नाही. मग कंपनी एकतर शिवणी दुमडून बारीक टाक्याने शिवते, किंवा "घरी सील करून घ्या" असं सांगून मोकळी होते. काम अवघड मुळीच नाही. काचेच्या फटी भरायचं साधं पारदर्शक सिलिकॉन घ्यायचं, मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचं, तंबू ताणून उभा करून बाहेरच्या शिवणीवर छोट्या कुंचल्याने जिरवायचं आणि एक दिवस वाळू द्यायचं. चिकटपणा राहिला तर वरून टाल्कम पावडर. हे मोकळ्या हवेतच करा, वास डोक्यात जातो.

एक मात्र पक्कं: सिलिकॉनवर सिलिकॉनच. पीयूचं सीलर त्यावर लावलंत तर खपलीसारखं निघून येईल. आपलं कापड कुठलं ते कळत नसेल तर कोपऱ्यात साधी चिकटपट्टी लावून बघा. धरतच नसेल तर सिलिकॉन.

निवांतपणी
दंडवत घ्या सुईदोराताई.

माझं वेगळंच दुखणं आहे. कपाटातून तंबू काढला तर आतली बाजू चिकट झालीय, पापुद्रे सुटताहेत आणि आंबूस कुबट वास येतोय. फारसा वापरलेलाही नाही. परत पीयू लावून वाचेल का?

कापडचोपड
याला हायड्रोलिसिस म्हणतात. दमट हवेतली वाफ पीयूच्या रेणूसाखळ्या तोडत जाते. ऊब आणि ओल एकत्र आली की वेग वाढतो. म्हणूनच न वापरता, ओलसर अवस्थेत, घट्ट गुंडाळून पिशवीत कोंबलेला तंबू वापरातल्या तंबूच्या आधी मरतो.

वाचेल का? तळावर थोडासाच भाग असेल तर बेकिंग सोड्याच्या कोमट पाण्याने घासून, थर खरवडून, वाळवून नवा द्रव थर देता येतो. पण फ्लायभर पापुद्रे सुटले असतील तर त्यात वेळ घालवू नका.

नवा घेताना विचारण्याजोगं म्हणजे पीयू पॉलिएस्टर जातीचं की पॉलिईथर जातीचं. पॉलिईथरवालं हायड्रोलिसिसपुढे कितीतरी जास्त टिकतं. बऱ्याच कंपन्या हे सांगत नाहीत. ज्या सांगतात त्यांना माझ्याकडून एक गुण जादा.

आणि घरी आलं की तंबू सोडून वाळवा. वाटलं त्याहून एक दिवस जास्तच. मग मूळच्या आवळ पिशवीत न ठेवता सैल सुती खोळीत ठेवा. वॉशिंग मशीन नको, डिटर्जंट नको, इस्त्री तर मुळीच नको. तंबूचं आयुष्य घेतानाच्या लेबलापेक्षा या सवयीवर जास्त ठरतं.

रात्रकिडा
मी चांगला 'फोर सीझन' तंबू घेतला, सगळ्यात दणकट म्हणून. पावसात सकाळी आतून पाण्याचे थेंब! शिवणी पट्टीबंद आहेत, कापड नवं आहे. काय समजायचं?

डोंगरबोका
रात्रकिडाभाऊ, ते तुमचंच पाणी आहे.

झोपेतल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पेलाभर तरी वाफ बाहेर पडते. तिघं असतील तर तिप्पट, वर ओले कपडे नि बूट आत वाळत घातलेले. बाहेर गार झालेल्या फ्लायला ती वाफ लागली की थेंब धरतात.

गळती की घाम हे ओळखायला सोपं आहे. गळती एका जागी असते, शिवणीच्या रेघेत किंवा कोपऱ्यात, आणि पाऊस थांबला की थांबते. घाम फ्लायच्या आतल्या अंगावर सगळीकडे सारखा, बारीक थेंबांचा, आणि बिनपावसाच्या थंड, बिनवाऱ्याच्या रात्री जास्तच.

फोर सीझन म्हणजे जास्त जलरोधक हा समज पसरवला कुणी कोण जाणे. ते तंबू बर्फाचा भार आणि वारा सोसायला बांधलेले असतात. आतला थर जाळीचा नसून बंद कापडाचा, फ्लाय जमिनीपर्यंत, हवेच्या खिडक्या कमी. बर्फात हेच हवं असतं, उबट पावसात हेच नडतं. पावसाळी भटकंतीला थ्री सीझन, दुहेरी भिंतीचा, जाळीच्या इनरचा (आतल्या थराचा) आणि वर-खाली दोन्हीकडे झरोके असलेला बघा. खालून गार हवा आत आणि वरून दमट हवा बाहेर, असा ओघ लागला पाहिजे. नुसता माथ्यावरचा झरोका अर्धंच काम करतो.

एकेरी भिंतीचे हलके तंबू मिळतात. पावसाळ्यात ते मी दुश्मनाला सुचवीन.

रात्रकिडा
म्हणजे वस्तूत खोट नाही तर! झरोके आजवर बंदच ठेवत आलो, पाणी येईल म्हणून.

डोंगरबोका
झरोक्यावर टोपी शिवलेली असते ना, ती त्यासाठीच. उघडा बिनधास्त.

वाऱ्याची_वरात
पाऊस एकटा येत नसतो, पोलचं बोला कुणीतरी.

फायबरग्लासचे पोल स्वस्त, जड, आणि मोडतात तेव्हा उभे चिरतात. त्या कुसळांनी हात तर चिरतोच, फ्लायही फाटते. दहा वर्षं म्हणत असाल तर ॲल्युमिनियमच, तेही ७००१ किंवा ७०७५ मिश्रधातूचं. कोरियाच्या डीएसीचे पोल अनेक चांगल्या तंबूंमध्ये असतात, नाव दिसलं तर एक काळजी मिटली. ॲल्युमिनियम आधी वाकतं, म्हणजे सूचना देतं. वाकलेल्या जागी सरकवायची एक छोटी नळी बहुतेक तंबूंसोबत येते. ती पोलच्या पिशवीतच राहू द्या, घरी ड्रॉवरमध्ये पडून तिचा उपयोग नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोल एकमेकांना किती ठिकाणी छेदतात. दोन पोलांची एकच फुली असलेला घुमट वाऱ्यात बाजूने चेपतो. तीन-चार पोल अनेक ठिकाणी एकमेकांवरून गेले की कापडाचे लहान लहान त्रिकोण पडतात आणि भार वाटला जातो. बकमिन्स्टर फुलर यांच्या जिओडेसिक घुमटांचं हेच तत्त्व १९७५ मध्ये नॉर्थ फेसच्या ओव्हल इन्टेन्शन या तंबूत उतरलं. बोगद्याच्या आकाराचे तंबू वजनाच्या मानाने ऐसपैस असतात, पण त्यांचं निमुळतं टोक वाऱ्याच्या तोंडी ठेवावं लागतं आणि पेग (जमिनीतल्या खुंट्या) न ठोकता ते उभेच राहत नाहीत. खडकाळ जागी ही अडचण होते.

आणि 'फ्री स्टँडिंग' लिहिलंय म्हणून दोऱ्या न बांधणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. रिकामा तंबू वाऱ्याबरोबर दरीत जातो. त्या दोऱ्या शोभेला दिलेल्या नसतात.

जुनं_ते_सोनं
सुती कॅनव्हासचं कुणीच काही बोललं नाही. सूत ओलं झालं की फुगतं आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. नवा कॅनव्हास एकदोनदा भिजवून वाळवला की तयार. श्वास घेतो, दुरुस्त होतो, पिढ्यान्पिढ्या चालतो.

भटकी_सावली
मोह होतोय, पण तो पाठीवर कोण घेणार? :)

जुनं_ते_सोनं
तो प्रश्न रास्त आहे. बैल नसेल तर गाडी हवी.

सुईदोरा
अजून एक, हे पावसाळ्यासाठी फार म्हणजे फार महत्त्वाचं. तंबू आधी कुठून उभा राहतो ते बघा. बहुतेक तंबूंत आधी जाळीचा इनर उभारायचा आणि मग वरून फ्लाय टाकायची. कोसळत्या पावसात ती चार-पाच मिनिटं म्हणजे जाळीतून थेट आत आंघोळ. आधी फ्लाय उभी राहणारे किंवा दोन्ही एकत्र उभे राहणारे तंबू यात सुटतात. स्वीडनच्या हिलेबर्गने १९७३ मध्ये केब नावाचा असा जोड तंबू काढला, तेव्हापासून कल्पना जुनीच आहे, पण लेबलावर कुणी मिरवत नाही. काही इनर-आधी तंबूंत ग्राउंडशीट (तळाखाली अंथरायचं कापड) आणि पोलवर नुसती फ्लाय उभी करता येते. मग इनर आतून, कोरड्यात अडकवायचा. एवढी सोय असेल तरी चालेल.

चेनसुद्धा बघा. तंबूत सगळ्यात आधी दारच रुसतं. वायकेके कंपनीची ५ किंवा त्याहून मोठ्या क्रमांकाची असावी आणि बाहेरून झाकणपट्टी असावी. दात जुळेनासे झाले तर बहुधा चेन नाही, सरकता खटका झिजलेला असतो. पकडीने हलकाच दाबला की काही महिने निभावतात, आणि खटका बदलताही येतो.

निवांतपणी
ग्राउंडशीट वेगळी घ्यावी का? तळाला ५००० मिमी असताना?

वाऱ्याची_वरात
खडे आणि खुंटांपासून तळ वाचवायला घ्यावी, पाणी अडवायला नाही. फक्त ती तळापेक्षा चारी बाजूंनी बोटभर लहान हवी. बाहेर डोकावली तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी झेलते आणि नेमकं तुमच्या पाठीखाली नेऊन साठवते. नव्वद टक्के वेळा "तळ गळतो" म्हणणाऱ्यांची ग्राउंडशीट बाहेर आलेली असते. (टक्केवारी माझ्या मनाची, भांडू नका.)

तळ टबासारखा, कडा वीतभर वर वळलेल्या असाव्यात. बाकी खोलगट जागी तंबू ठोकला तर कुठलंही कापड वाचवत नाही. जमीन गवताळ आणि सपाट दिसली तरी आधी पाणी कुठून वाहून गेलंय त्याच्या खुणा बघा.

भटकी_सावली
एवढं सगळं वाचून आम्ही यादी दोनवर आणलीय. दोन्ही दुहेरी भिंतीचे. पहिला पॉलिस्टर, बाहेर सिलिकॉन, आत पॉलिईथर पीयू, शिवणी पट्टीबंद, फ्लाय १५०० आणि तळ ५०००, पोल ७००१ चे, दोन्ही थर एकत्र उभे राहतात. दुसरा दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचं नायलॉन, सव्वादोनशे ग्रॅमने हलका, पण इनर आधी आणि शिवणी घरी सील करायच्या.

आणि आकार? दोन माणसांचा पुरेल की तीनचा?

डोंगरबोका
साध्या झोपायच्या मॅटची रुंदी ५१ सेंमी. दोन लावल्या की १०२, तीन लावल्या की १५३. दोन माणसांचा तंबू बहुतेक १२५-१३० सेंमी रुंद असतो, म्हणजे दोघं आणि थोडं सामान. लेक धरली तर हिशोब बसत नाही. त्यात पावसाळ्यात माणूस इनरच्या भिंतीला रेलून झोपता कामा नये, नाहीतर इनर फ्लायला टेकतो आणि झोपायची पिशवी भिजते. तीनचाच घ्या. ओल्या सॅकांसाठी बाहेर ओसरीही दोन्ही बाजूंना असलेली बघा.

आणि पहिला घ्या. सव्वादोनशे ग्रॅम तिघांत वाटले की कळणारही नाहीत. कोसळत्या पावसात कोरडा उभा राहतो हे मात्र दर वेळी कळेल.

उनाडटप्पू
पहिल्याला माझंही मत. ५००० आहेच त्यात ;)

कापडचोपड
पहिल्याला अनुमोदन. मात्र बाहेर सिलिकॉन आणि आत पीयू असल्यामुळे दुरुस्तीच्या वेळी बाजू चुकवू नका. बाहेरून सिलिकॉनचं ठिगळ, आतून पीयूला धरणारी पट्टी.

भटकी_सावली
ठरलं, पहिला, तीन माणसांचा. परत करायची मुदत असेपर्यंत घरी तपासायचा कसा?

सुईदोरा
अंगणात किंवा गच्चीवर जसा रानात ठोकाल तसाच ताणून उभा करा. गच्चीवर पेग जाणार नाहीत, तिथे दोऱ्या पाण्याने भरलेल्या डब्यांना बांधा. आत प्रत्येक शिवणीखाली आणि चारही कोपऱ्यांत टिश्यू पेपर अंथरा. मग वरून पाइपाने अर्धा तास पाणी सोडा, धार वरून खाली, पावसासारखी. झरोक्यात खालून वर मारू नका, तसा पाऊस पडत नाही. पाणी चालू असताना आत बसू नका, नाहीतर तुमच्याच वाफेचे थेंब मोजत बसाल.

भटकी_सावली
केलं! शिवणींखालचे सगळे टिश्यू कोरडे. फक्त पायथ्याकडचा एक कोपरा रुपयाएवढा ओला झाला. परत करू?

सुईदोरा
त्या कोपऱ्यात बाहेरून पेगचं नाडं शिवलेलं आहे का? असेल तर पट्टी नाड्याच्या टाक्यांपर्यंत पोचलीय का ते आतून बघा. बहुतेक दोन बोटं आधीच संपली असेल. पट्टी उचललेली किंवा सुरकुतलेली दिसली तर बदलून मागा, ती पुढेही सुटत जाईल. नुसती आखूड पडली असेल तर आतल्या बाजूने पीयू सीलरचा एक हात त्या टाक्यांवर द्या, दिवसभर वाळवा आणि तेवढाच कोपरा परत भिजवून बघा.